कंट्रोल मायाकडे

बसा जवळ. शेकोटीत एखादं लाकूड सरकवा आणि ते मोबाईल खिशात घाला. रात्री तलावाच्या पाळीवरून, म्हणजे त्या मातीच्या बंधाऱ्यावरून, गाडी नेऊ नका असं मी का म्हणतो, हे तुम्ही कालपासून विचारताय. हसत हसत विचारताय, तेही दिसतंय मला. तर ऐका. ही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. वासुदेवराव आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. त्यांच्या चंद्रकुमारवर त्या रात्री जे गुजरलं, ते त्याने सकाळी अख्ख्या गावासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि मी तिथे उभा होतो.

तारीख सत्तावीस डिसेंबर, दोन हजार चोवीस, शुक्रवार. अमावास्या तोंडावर आलेली, म्हणजे चंद्र उगवायला पहाट. वासुदेवरावांच्या अंगणात मंडप पडला होता. दुसऱ्या दिवशी गावजेवण. पोरगा पायलट झाला होता ना! आधी कमर्शियल लायसन, मग बाहेरचं काही न पाहता नुसत्या काट्यांवर विमान उडवायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मग दोन इंजिनांचं, मग परदेशात जाऊन मोठ्या जेटचं. एक जानेवारीला विमान कंपनीत रुजू व्हायचं होतं. वासुदेवरावांची छाती मंडपात मावत नव्हती.

रात्री साडेनऊच्या सुमारास स्वयंपाक्याची शेगडी विझली.

"गॅस सरला ना बे, चंद्रू," वासुदेवराव म्हणाले. "बुंदी अर्धीच झाली हाय. कोनाले धाडू आता? सारे कामात हायेत."

"मीच जातो, बाबूजी. लाखनीवरून आनतो सिलिंडर. चाबी द्या."

"तू कायले जातं? तू तर नवरदेव हायेस आजचा."

"येतो अर्ध्या घंट्यात."

गेला. लाखनीला ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून सिलिंडर घेतलं, डिकीत टाकलं, हायवेवरच्या ट्रकांतून वाट काढत वळणावर आला आणि गावचा रस्ता धरला. गावात शिरायचं तर पाळीवरून यावं लागतं. डाव्या हाताला तलाव, उजव्या हाताला कापणी झालेली धानाची शेतं. धुकं होतं, पण डिसेंबरात ते असतंच. गाडीत गाणं लागलेलं, हीटर सुरू, पोराच्या मनात एक जानेवारी.

आता इथे मला ज्योत्सनाचं सांगावं लागेल.

ज्योत्सना ही धनीराम ढीवराची मुलगी. धनीराम याच तलावात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घालून मासे धरणारा, बायको रेवताबाई ते बाजारात नेऊन विकणारी. पोरगी हुशार निघाली. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तिने चंद्रकुमारच्याच फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश घेतला. एका गावची दोन पोरं एका धावपट्टीवर, एक बापाच्या जोरावर आणि एक स्वतःच्या. गावच्या शाळेने दोघांचे फोटो भिंतीवर लावले होते. फ्लाइंग स्कूलचे शिकवणारे साहेब म्हणत, पोरगी विमान असं टेकवते की चाकाला कळत नाही. यामुळे चंद्रकुमारच्या पोटात दुखत असणार. मी तरी तसंच समजतो.

विमानात दोघांपुढेही सुकाणू असतं. म्हणून नियम कडक. एकाने म्हणायचं, "कंट्रोल माझ्याकडे." दुसऱ्याने त्याच क्षणी हात उचलायचे आणि म्हणायचं, "कंट्रोल तुझ्याकडे." विचार करत बसायचं नाही. झोपेतून उठवून म्हटलं तरी हात उचलले गेले पाहिजेत, इतकं ते घोटून घेतात. ही दोघं एकटी असली की आपल्या बोलीत म्हणायची. कंट्रोल मायाकडे, कंट्रोल तुयाकडे. आणि हसायची.

आणखी एक सराव असतो. शिकणाऱ्याने मान खाली घालायची, डोळे मिटायचे, हात मांडीवर. दुसरा विमान वाकडंतिकडं करतो आणि मग कंट्रोल परत देतो. तेव्हाच डोळे उघडायचे आणि विमान सरळ करायचं. तोवर नाही. समोरच्यावर जीव टाकून बसण्याचा हा सराव आहे, दुसरं काय?

त्या रात्रीच्या दोन वर्षांआधीच्या मार्चमध्ये दोघं या सरावाला निघाली. चंद्रकुमारने आदल्या रात्री घरी फोन केला होता, "उद्या गच्चीवर उभे राहा, डोक्यावरून जातो." गावावरून जायची परवानगी नव्हती. पण आपलं घर आभाळातून पाहावं आणि घरच्यांनी आपल्याला पाहावं, ही हौस आपल्याकडच्या कोणत्या पोराला सुटते? त्याने ज्योत्सनाला सांगितलं, मान खाली, डोळे बंद, कंट्रोल मायाकडे. तिने हात मांडीवर ठेवले. याने विमान गावाकडे वळवलं आणि खाली आणलं. आणखी खाली. तिला पोटात कळलं असेल. तिने विचारलं, "आनखी किती येळ रे, चंद्रू?" हा म्हणाला, "थोडसा. डोळे उघडू नोको."

तलावावरून विजेची तार गेलेली आहे.

धनीराम तेव्हा डोंग्यात होता. विमान त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात पडलं. तो वल्हं मारत पोचला, जो हात आधी दिसला तो धरला आणि ओढला. तो चंद्रकुमार होता. आत दुसरं कोण आहे हे त्याला विमान बुडाल्यावर कळलं.

आणि त्या पोराने काय करावं? चौकशीच्या साहेबांना सांगितलं, ज्योत्सनाने डोळे उघडले, बापाला डोंग्यात पाहायला तीच खाली उतरली, मी नको नको म्हणत होतो. वासुदेवराव गच्चीवर उभे होते. फोन कोणाचा आला होता ते त्यांना ठाऊक होतं. ते गप्प राहिले, घरच्यांनाही गप्प केलं. शाळेच्या भिंतीवरून पोरीचा फोटो उतरला. रेवताबाई बाजारात बसली की बाया म्हणत, सरकारचं विमान बुडवणारीची माय. तिने बाजार सोडला. धनीराम मात्र रोज त्याच पाण्यात डोंगा घालत राहिला, कारण पोटाला दुसरं काही नव्हतं. मेलेल्या पोरीचं नाव असं चिखलात घातलं, आणि हा एकामागून एक रेटिंग घेत वर चढत गेला. मला आजही संताप येतो.

तर, सत्तावीस डिसेंबर. साडेदहा वाजले असतील.

गाडी पाळीच्या मध्यावर आली आणि गाणं बंद पडलं. त्याने बटण दाबून पाहिलं. हीटर सुरू होता, तरी काच आतून ओली झाली. गाळाचा वास आला. तलावाच्या तळाचा गाळ, उन्हाळ्यात उपसतात तेव्हा येतो तो. त्याने खिडकी उघडायला हात नेला.

तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आवाज आला. अगदी साधा. रोजचा.

"कंट्रोल मायाकडे."

पोरांनो, इथेच तो चुकला. तुम्ही-आम्ही असतो तर किंचाळलो असतो, दार उघडून उडी मारली असती. पण तो पायलट होता. कानावर शब्द पडले आणि विचार यायच्या आधी हात वर उचलले गेले. तोंडातून उत्तरही निघालं.

"कंट्रोल तुयाकडे."

म्हटलं. आणि मग त्याला कळलं, आपण काय म्हटलं...

स्टेअरिंग आपोआप किंचित डावीकडे वळलं. तलावाकडे.

"मान खाली."

त्याने मान ताठ धरली. सगळी ताकद लावली. मान खाली गेली.

"डोळे बंद."

"ज्योत्सना... मी..."

"डोळे बंद, चंद्रू."

मिटले. मग अंधार. गाडी पळत होती, खडीचा आवाज येत होता. खडखड, खडखड... आणि तो आवाज थांबला.

चाकांखाली काही नव्हतं.

इंजिन सुरू होतं. पाण्याचा आवाज नाही. काही नाही. पोट वर आलं, मग खाली गेलं. अंग एका बाजूला कललं. कितीतरी वेळ. डोळे उघडायचा प्रयत्न त्याने केला. पापण्या हलेनात. हात मांडीवरून उठेनात. शेजारी कोणीतरी शांतपणे श्वास घेत होतं, आणि सीटवरून पाणी टपकत होतं. टप... टप...

"आनखी किती येळ?" तो रडत म्हणाला.

"थोडसा."

"मले घरी जाऊ दे वो. मी पाया पडतो तुया."

पाणी टपकत राहिलं.

"मीच खाली आनलो! तू डोळे उघडलीच नोहती! मीच... मीच आनलो!"

गाडी कलली. सरळ झाली.

"मले कायले सांगून राहिला?" ती म्हणाली. "मले ठाऊक हाय. बाबाले सांग."

मग ती बोलली नाही. रात्रभर नाही...

घरी बुंदी अर्धी तशीच. फोन लागेना. लोक कंदील, बॅटऱ्या घेऊन पाळीवर हिंडले, हायवेवर जाऊन आले. धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. पहाटे धनीराम जाळी काढायला डोंगा घेऊन निघाला, तेव्हा धुकं जरा विरळ झालं होतं. तलावाच्या मधोमध एक टेकाड आहे, पावसाळ्यातही बुडत नाही, पाणकोंबड्या तिथे घरटी करतात. चहूकडे खोल पाणी. त्या टेकाडावर गाडी उभी होती. चाकं कोरडी. सिलिंडर डिकीत जसंच्या तसं. आणि पुढच्या सीटवर चंद्रकुमार, हात मांडीवर, मान खाली, डोळे बंद.

"बाबू," धनीरामने दार उघडलं. "उठ. डोंग्यात बस."

"काका, मले डोळे उघडता नाही येत."

"कायले नाही येत?"

"तिनं अजून कंट्रोल परत देल्ला नाही."

धनीरामने त्याला धरून डोंग्यात बसवलं. दुसऱ्यांदा. पाळीवर सगळा गाव जमला होता, आम्ही सगळे होतो. काठाला लागताच पोराने बोलायला सुरुवात केली, मान खाली घालूनच. फोन, गच्ची, खोटी साक्ष, रात्रीची सगळी हकीकत, शब्दन् शब्द. वासुदेवराव पुढे धावले, "चूप राय, चंद्रू, तुले ताप हाय!" म्हणत त्याच्या तोंडावर हात ठेवू लागले. तो थांबला नाही. सगळं संपल्यावर म्हणाला, "काका, तिनं डोळे उघडलेच नोहते. ती माया भरोशावर बसली होती."

धनीराम वल्हं हातात धरून उभा होता. म्हाताऱ्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. एवढंच म्हणाला,

"मी तुले पयले काढलो, बाबू."

आणि डोंगा घेऊन परत पाण्यात गेला. रेवताबाई पाळीवर बसून रडली, आणि त्या दिवशी तिच्याभोवती बसायला गावातल्या बाया लाजत लाजत आल्या. पोरीचा फोटो शाळेत परत लागला. चौकशीच्या साहेबांनाही धनीरामने कळवायला लावलं.

चंद्रकुमारची मान अजून वर झालेली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोळे ठणठणीत, मान ठणठणीत. कोणीतरी कंट्रोल परत दिल्याशिवाय तो डोळे उघडणार नाही, एवढंच तो सांगतो. फ्लाइंग स्कूलचे साहेब येऊन ते शब्द त्याच्या कानात म्हणून गेले. काही झालं नाही. वासुदेवराव रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसतात आणि म्हणतात, "कंट्रोल तुयाकडे, चंद्रू. घे ना, बाप्पा." तो मान हलवतो. म्हणतो, तुम्ही नाही, बाबूजी. कंट्रोल तिच्याकडे आहे, तिनेच परत द्यायला पाहिजे.

गाडी टेकाडावरच गंजत पडली आहे. ती काढायला ढीवरांनी एकही डोंगा दिला नाही.

ते साहेब आले तेव्हा धनीरामने त्यांना डोंग्यात घालून टेकाडावर नेलं होतं. मीही सोबत गेलो. गाडीच्या मागे चिखलात चाकांचे दोन पट्टे होते. पाण्यापासून निघालेले नव्हते. काठाची माती कोरी, त्यावर नुसती पाखरांची पावलं. पट्टे सुरू होत होते टेकाडाच्या आत, मोकळ्या जागेत. आधी इतके पुसट की वाकून पाहावं लागे. मग हळूहळू खोल. शेवटी गाडीपाशी थांबलेले, एका रेषेत, तसूभर इकडेतिकडे नाही. साहेबांनी टोपी काढली. पट्टे सुरू होतात तिथे ते खाली बसले, बोटांनी माती चाचपली आणि धनीरामकडे पाहून म्हणाले, "एवढं हलकं टेकवणारं माझ्याकडे एकच होतं."

त्यावर एक पावसाळा येऊन गेला. बाकी टेकाडावर कमरेएवढं गवत आहे. त्या दोन पट्ट्यांत अजून एक काडी उगवलेली नाही.