यल्ला थोंग्या, पूल आला

बहारीनमधल्या गुदैबियात तेव्हा सुक्या बांगड्याचा वास आला की लोक नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "शिवदास आणि त्याचा थाई आज गच्चीवर आहेत." हसायला काय, लोक कशालाही हसतात. पण त्या दोघांना दुसरं होतं कोण? शिवदास दाभोळकडचा, कंपनीची बस चालवायचा. बायको रंभा दोन वर्षांपूर्वी गावी तापानं गेली, रजा मिळेपर्यंत तिचं तेरावंही उरकलं. मूलबाळ नाही. आणि थोंगदी नदीकाठच्या नोंगखाय गावाचा. पलीकडच्या काठावर लाओस, अलीकडे याचं घर, घरात एकटी आई. सौदीकडे जाणारा समुद्रातला मोठा पूल बांधायला आला होता. कंपनीनं दोघांना एका खोलीत टाकलं. शिवदास त्याला थोंग्या म्हणायचा. तीन वर्षं एकत्र काढली ती यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं, मफी म्हणजे नाही आणि फिश, एवढ्या चार शब्दांवर.

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात थोंगदी पुलावरून समुद्रात पडला. चार दिवस शोधलं, अंग काही हाती लागलं नाही.

पाचव्या दिवशी पुलावरच्या थाई कामगारांतला एक म्हातारा सुतार शिवदासकडे आला आणि मोडक्या हिंदीत बोलू लागला. अंग गेलं ते गेलं, पण जीव तिथंच पाण्याशी उभा आहे. त्याला घरी न्यायला हवं, आई वाट बघते. आम्हाला रजा नाही, तुझी शिल्लक आहे, आणि तुझा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. पाण्यापाशी उदबत्ती लाव, हाक मार आणि चालू लाग. वाटेत वळण आलं की सांग, पूल आला की सांग, जिना, दार, गाडी, सगळं सांग. मेलेल्याला वाट कळत नाही. एखादं वळण सांगायला विसरलास तर तो तिथंच उभा राहील.

"भाषा कुठली?" शिवदासनं विचारलं.

"कुठलीही. आवाज तुझा पाहिजे."

भुताखेतांच्या गोष्टी शिवदासला आवडत नसत. पण रंभाच्या वेळी आपण पोचलो नाही, ही बोच त्याच्या काळजात होती. निदान त्या आईचा मुलगा तरी घरी पोचू दे, असं त्याच्या मनात आलं आणि तो हो म्हणाला.

डिसेंबरात एका संध्याकाळी पुलाच्या टोकाशी त्यानं उदबत्ती लावली. लाज वाटत होती. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "यल्ला थोंग्या, घरी जायचंय." काही झालं नाही. वारासुद्धा नव्हता. मग टॅक्सीत बसताना म्हणाला, "यल्ला, गाडी आली." विमानतळाच्या दारात, विमानाच्या शिडीवर, बँकॉकच्या गर्दीत, सगळीकडे तो पुटपुटत राहिला. लोक बघायचे. बसचं तिकीट त्यानं म्हाताऱ्यानं सांगितल्याप्रमाणे दोघांचं काढलं आणि शेजारची जागा रिकामी ठेवली.

दिवसभराचा प्रवास. कापून झालेली भातशेतं, कोरडे ओढे आणि ओढ्याओढ्यावर पूल. "यल्ला थोंग्या, पूल आला." दुपारनंतर त्याच्या ध्यानात आलं की आपली डावी बाही ओलसर लागते आहे. नाकाशी नेली. खारा वास... खिडकीबाहेर मैलोगणती धूळ उडत होती आणि बसमध्ये समुद्राचा वास येत होता. शिवदास घाबरून खिडकीकडे सरकला. पण खरं सांगू? थोड्या वेळानं तो परत जागेवर सरकून बसला. शेजारी कुणीतरी आहे, एवढंच उरलं. मग तो पूल नसतानाही बोलू लागला. रंभाचं बोलला, दाभोळच्या खाडीचं बोलला. तीन वर्षांत बोलला नव्हता एवढं त्या एका दिवसात बोलला.

नोंगखायला बसस्टँडवर जमालुद्दीन न्यायला आला होता. हा तिथला कापडवाला, आजोबांच्या काळापासून स्थायिक, त्याला हिंदी येत होती. सुतारानं आधी कळवलं होतं, म्हणून थोंगदीच्या आईनं त्याला पाठवलं होतं. थंडीचे दिवस, नदी आटलेली, मधोमध वाळूचे पट्टे उघडे पडलेले, काठाच्या उतारावर तंबाखूचे वाफे. धुकं इतकं खाली उतरलं होतं की पलीकडचा देश दिसत नव्हता, फक्त तिकडचा कोंबडा ऐकू यायचा. गावात सगळे घोंगड्या पांघरून गप्प शेकत बसलेले. एवढ्या शांततेत "यल्ला, वळण आलं" म्हणताना शिवदासला आपलाच आवाज परका वाटला.

म्हातारी घराच्या पायरीवर उभी होती. मूठभर बाई. तिनं शिवदासकडे पाहिलंच नाही. त्याच्या डाव्या हाताला, रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि रडत रडत काहीतरी म्हणाली.

"म्हणते, किती वाळलास," जमालुद्दीन हलक्या आवाजात म्हणाला.

आत चटईवर मुलाचा जुना सदरा घडी करून ठेवला होता. तिनं त्याच्या बाहीला पांढरा दोरा बांधला आणि समोर भाताचं ताट मांडलं. भाताची वाफ सरळ वर जात होती. वाफ एकदम, कुणी फुंकर घालावी तशी, वाकली... जमालुद्दीननं डोळे मिटून घेतले. म्हातारी मात्र हसली.

सकाळी निघताना तिनं शिवदासचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि जमालुद्दीनकरवी बजावून सांगितलं. "परत जाताना तोंड उघडू नकोस. वळण नाही, पूल नाही, नाव तर नाहीच. आत्ताच आलाय तो. नव्यानं बांधलेलं वासरू ओळखीची हाक ऐकली की दावं तोडतं."

शिवदासनं मान डोलावली. बसमध्ये एकाचं तिकीट काढून तो खिडकीशी बसला. शेजारची जागा रिकामी होती आणि कोरडी होती. ती कोरडी जागा त्याला खायला उठली. आता गुदैबियाची ती खोली, ती एक खाट, एकाचाच भात. रात्री "मफी झोप?" असं विचारायलाही कुणी नाही. गाव मागे पडलं. पहिला ओढा आला आणि तोंडातून निघून गेलं, "यल्ला थोंग्या... पूल आला."

जिभेनं दगा दिला की मनानं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. अर्ध्या मैलात बाही ओली झाली.

उदोन शहरात बस अर्धा तास थांबली. समोरच नोंगखायला परत जाणारी गाडी उभी होती. चढला असता तर तासाभरात त्यानं आईचं लेकरू आईला परत दिलं असतं. त्या गाडीकडे तो बराच वेळ बघत राहिला. ती सुटली, धुरळा खाली बसला, तेव्हा त्यानं चहाच्या टपरीवर दोन बोटं दाखवली आणि दोन चहा घेतले.

गुदैबियात परतलेला शिवदास वेगळाच होता. गच्चीवर पुन्हा बांगडे भाजले जाऊ लागले. इमारतीखाली चहाचं हॉटेल चालवणारा अन्सार म्हणायचा, "शिवदासभाई, दुसरं लग्न केलंत का काय? एवढे खूश!" शिवदास नुसता हसायचा.

मार्चात जमालुद्दीनचं पत्र आलं. उर्दूत होतं, म्हणून अन्सारनं वाचून दाखवलं. म्हातारी रोज सकाळी ताट मांडते, वाफ सरळ वर जाते. ती विचारते आहे, एखादं वळण सांगायचं राहिलं का? माझा मुलगा कुठल्या वळणावर उभा आहे, आठवून सांगा, मी तिथं जाऊन त्याला घेऊन येईन.

शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. शिवदासनं समोरचं ताट बाजूला सारलं. पण उत्तर त्यानं लिहवून घेतलं ते एवढंच, "सगळी वळणं सांगितली होती." अन्सारनं दोनदा त्याच्याकडे पाहिलं आणि पाकीट चिकटवलं.

पुढचं पत्र आलं ते नोव्हेंबरच्या शेवटी. थंडीचा पहिला वारा सुटला त्याच आठवड्यात म्हातारी गेली. अखेरचे आठ दिवस जमालुद्दीनला एकच विचारत होती, बहारीनला कसं जायचं? बस कुठली, विमान कुठून, समुद्र कुठल्या हाताला? मरणाऱ्या बाईचं मन कसं मोडायचं, म्हणून त्यानं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं.

त्यानंतरचा शुक्रवार. दुपारची नमाज संपली होती, गल्ली झोपली होती. शिवदास खाटेवर पडला होता आणि त्याला खाली जिन्यावर एका बाईचा आवाज ऐकू आला. म्हातारा, पातळ आवाज. दोन-तीन शब्द, मग शांतता. जिन्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा तेच शब्द. भाषा कळत नव्हती, पण त्या शब्दांची चाल त्यानं स्वतः हजार वेळा म्हटली होती.

खोलीतला खारा वास एकदम दाटून आला, भरतीला येतो तसा.

"थोंग्या... नको जाऊस," शिवदास म्हणाला. "मफी. ऐक माझं. मफी जायचं."

कडी आपोआप सरकली. दार हातभर उघडलं. वास पातळ होत होत जिन्याकडे गेला आणि आवाज एकेका वळणावर थांबत खाली उतरत गेला. मग खोलीत फक्त एसीची घरघर उरली. शिवदासनं उशीत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला. त्याला नेणारं, त्याला वाट सांगणारं या जगात कुणी नव्हतं.

आणि मग आवाज पुन्हा वर येऊ लागला. एक मजला, दुसरा मजला. उघड्या दारापाशी येऊन थांबला. बाहेर कुणी दिसत नव्हतं. या वेळी शब्द तीनच होते आणि त्यातला पहिला होता, "शिवदास."

अन्सारनं त्याला जिना उतरताना पाहिलं. अनवाणी होता. सलाम केला तर ओ दिली नाही, नवरदेव मांडवात येतो तसा खालमानेनं, जपून पाय टाकत गेला. शनिवारी कंपनीनं शोध घेतला, पोलीस आले, पुलाखाली पाणबुडे उतरले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. माणूस नव्हता.

जानेवारीत शिवदासच्या नावानं पत्र आलं. घेणारं कुणी नाही म्हणून अन्सारनं फोडलं आणि हॉटेलातल्या चार माणसांत मोठ्यानं वाचायला घेतलं.

"शिवदासभाई, तुम्ही गावात आलात आणि मला भेटलासुद्धा नाहीत, याचं वाईट वाटलं. परवा पहाटे धुक्यात तुम्हाला नदीच्या वाळूत पाहिलं. पुढे म्हातारी, मध्ये थोंगदी, मागे तुम्ही. मी हाक मारली. तुम्ही वळला नाहीत, ती वळली. तेव्हापासून ती रोज सकाळी माझ्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि मला नावानं बोलावते. अजून मी ओ दिलेली नाही. पण भाई, बायको गेल्यापासून दुकानात मीही एकटाच असतो..."

अन्सारनं पत्र उलटून पाहिलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.