नऊचा आवाज

जेवणं आटोपून पोरं अंगणात बसली, तेव्हा रामहरीकाका तंबाखू मळता मळता म्हणाले, "खरं-खोटं तुमचं तुमी ठरवा. मानूस मातर माझ्या रोजच्या बैठकीतला." आणि सांगू लागले.

घाटनांदूरचा केदारनाथ त्या दिवशी साध्या कामानं अंबाजोगाईला गेला होता. जुना लॅपटॉप विकायचा होता. दुकानदाराला म्हणाला, "समदं पुसून टाका. कामाचं काई न्हाई त्याच्यात." मागच्या चैत्रातली गोष्ट, वद्य अष्टमीची.

त्याचे वडील मन्मथप्पा आंधळे. त्यांना वेळ कळावी म्हणून केदारनं एक प्रोग्राम केला होता. चित्र नाही, बटण नाही, काळ्या खिडकीत नुसती पांढरी अक्षरं. पण दर तासाला तो बोलायचा, आणि आवाज होता केदारच्या बायकोचा, कावेरीचा. एक ते बारा, बारा फाइली. नऊच्या फाइलीत ती म्हणायची, "नऊ वाजले, आप्पा. गोळी घ्या." रात्रीची गोळी तीच द्यायची ना! सासऱ्याच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि आपल्या दोन्ही हातांनी त्यांची मूठ मिटायची.

दिवाळीनंतर डेंग्यूनं ती चार दिवसांत गेली. त्यांच्यात दहन नाही, माती देतात. शेतातच, लिंबाखाली दिली. आप्पांना विसर पडायचा; दर तासाला आवाज ऐकून ती घरातच आहे असं ते धरून चालायचे.

तेव्हापासून केदारला एकच धास्ती. आवाजाच्या फाइली प्रोग्रामच्या बाहेर, त्याच जुन्या लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरात. एखादी पुसली गेली तर? फोटो पुष्कळ होते, आवाज एवढाच होता. म्हणून त्यानं त्या प्रोजेक्टात घेतल्या, एकेकीपुढं 'एम्बेडेड रिसोर्स' निवडलं. असं केलं की फाइल प्रोग्रामच्या पोटातच जाते, बाहेर काही ठेवावं लागत नाही. तो नवा प्रोग्राम त्यानं त्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टाकला आणि बिनघोर होऊन लॅपटॉप विकायला निघाला बिचारा.

संध्याकाळी परत आला. सात वाजले, कावेरी बोलली. आठ वाजले, बोलली. मग सहज म्हणून त्यानं पोटातल्या फाइलींची यादी मागितली. अकरा नावं आली.

पुन्हा मागितली. अकराच. नऊची नव्हती. तिच्यापुढं निवडायचं राहूनच गेलं होतं.

त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"आवो, कवाच पुसलं की. तुमीच म्हनलात न्हवं?"

आपल्या हातानं घालवलं आपण तिला, दुसऱ्यांदा. केदार लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले. नवी कोरी गोळ्यांची पट्टी हातात घेतली. आज नऊ वाजल्याचं आपणच सांगू आप्पांना, असं ठरवून कॉम्प्युटरसमोर बसला. आप्पांची खाट आतल्या खोलीत. घरात तिसरं कोणी नाही.

नऊ वाजले.

काळ्या खिडकीत एक ओळ उमटली. फाइल सापडली नाही. स्पीकर गप्प.

आणि आतल्या खोलीतून…

"नऊ वाजले, आप्पा. गोळी घ्या."

केदार उठला. दारापर्यंत चार पावलं. दिवा लावला.

आप्पा खाटेवर बसलेले. एकटेच.

"आप्पा… कोण बोललं?"

"कोन म्हंजी? कावेरी की." म्हातारा हसला. "लई दिसांनी जवळ आली. गोळी दिली, मूठ मिटली." मग हसू विरलं. "पर हात लई गार हायेत रे तिचे. कावून?"

केदारनं हातातली पट्टी पाहिली. एकही गोळी काढलेली नव्हती.

"मूठ… उघडा, आप्पा."

आप्पांनी मूठ उघडली.

पावसाचा थेंब पडून सहा महिने झाले होते. रानातली ढेकळं दगडासारखी झाली होती. आणि आप्पांच्या तळहातावर काळी, ओली माती होती.