पलीकडच्यांसाठी आमेन

ऑगस्ट सरता सरता हार्पर्स बेंडच्या मैदानावर सकाळचा उजेड कधी एकदम येत नसे. आधी तो पूर्वेच्या पाइन वृक्षांच्या शेंड्यांवर रेंगाळे, मग गुणफलकाच्या पत्र्यावर टेके, आणि तिथून रिकाम्या लाकडी बाकांच्या एकेका पायरीवरून, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा जपून खाली उतरे. गवतापाशी पोचेपर्यंत त्यातली लाली सरलेली असे. उरे तो साधा, दुधट उजेड. त्यात दवाचा प्रत्येक थेंब वेगळा दिसे, पण एकही चमकत नसे. त्या उजेडाला कुणी सुंदर म्हटलं नसतं. हॉलिस प्रुइटला मात्र तोच हवासा वाटे. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या रेघा आखणं हे त्याचं काम होतं, आणि रेघ सरळ आहे की नाही हे ऊन चढण्याआधीच कळतं, असा त्याचा विश्वास होता. शिवाय त्या वेळी कुणाशी बोलावं लागत नसे.

त्या शुक्रवारी तो खाली वाकलेला असतानाच त्याच्या ताज्या रेघेवरून कुणाची तरी पावलं उमटत गेली.

“अगं बाई... ओली होती का ही?”

त्याने मान वर केली. दोन्ही हातांत एक भलंमोठं पितळी वाद्य, बुटांना पांढरा रंग, आणि गळ्यात नारिंगी रुमाल.

“सकाळी ओलीच असते,” तो म्हणाला.

“मग पाटी लावायची ना, रंगारी! मी डेला मॅकनेर. बँडची नवी बाई. म्हणजे, जुन्या बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत येईपर्यंत. डिसेंबरपर्यंत.” त्याची नजर रुमालावर अडली आहे हे तिने ताडलं. “काय बघतोस? चावत नाही तो.”

“इथे चावतो,” हॉलिस म्हणाला, आणि आपण विनोद केला हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

अलाबामातल्या त्या मुलखात नदीच्या अल्याड मार्लो कॉलेज होतं, त्याच्या संघाचा रंग निळा. पल्याड टेनंट कॉलेज, नारिंगी. हॉलिसचे वडील रॉइस तरुणपणी मार्लोच्या अमेरिकन फुटबॉल संघातून खेळले होते. टेनंटविरुद्धच्या एका सामन्यात त्यांचा गुडघा मोडला, तो मोडलाच. तेव्हापासून त्यांनी त्या कॉलेजचं नाव घेतलं नव्हतं. ते नुसते ‘पलीकडचे’ म्हणत. घरात नियम एकच होता. पलीकडचे कुणाशीही खेळोत, प्रत्यक्ष सैतानाशी खेळोत, आपण टाळी वाजवायची ती सैतानासाठी.

पुढच्या शुक्रवारी डेला दोन पेले कॉफी घेऊन आली. त्यापुढच्या शुक्रवारी तिने न विचारताच, रेघ सरळ यावी म्हणून तो ताणत असलेल्या दोरीचं दुसरं टोक धरलं. मग ते नित्याचं झालं. ती एका कडेला, तो दुसऱ्या कडेला, आणि मधे सबंध मैदानभर ताणलेली एक पांढरी दोरी. दोरी जराशी थरथरली की हॉलिसला कळे, पलीकडे ती हसते आहे.

ऑक्टोबरमध्ये एकदा शाळेची मुलं लाथेने चेंडू दोन उंच खांबांमधून मारण्याचा सराव करत होती. चेंडू उजवीकडे भरकटू लागला, तसा कुंपणापाशी उभा असलेला हॉलिस कमरेतून डावीकडे कलला. डेलाला हसू आवरेना.

“तू झुकलास म्हणून चेंडू वळणार आहे का, रंगारी?”

“नाही, बाई.”

“मग?”

“आपलं माणूस मारत असलं की झुकलं जातं. ठरवून नाही.”

“आणि आपलं नसलं तर?”

“तर माणूस सरळ बसतो.”

ती हसायची थांबली. “मी पलीकडची आहे,” ती हळूच म्हणाली. “माझ्यासाठी... किती झुकशील?”

हॉलिसने दोरी गुंडाळायला घेतली. ती आधीच गुंडाळलेली होती.

नोव्हेंबर संपताना तिने त्याला घरी जेवायला बोलावलं. तिचा धाकटा भाऊ टोबिन टेनंटच्या संघात चेंडू खांबांमधून मारणारा. शनिवारी दुपारी त्याचा कॉलेजातला शेवटचा सामना होता, कुठल्याशा टेक्सासच्या संघाशी.

“मार्लोचा काही संबंधच नाही यात,” ती म्हणाली. “टोबिनसाठी ये. नाहीतर माझ्यासाठी ये. बस आमच्यात एकदा.”

तो गेला. भाजलेलं डुकराचं मांस, मक्याचा पाव, बर्फ घातलेला गोड चहा, आणि जेवणाच्या मेजाभोवती नारिंगी सदऱ्यांतली बारा माणसं. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. हॉलिसच्या हातात डेलाचा हात होता. ऊबदार, किंचित ओलसर. तिच्या मामाने डोळे मिटून प्रार्थना म्हटली: या अन्नाबद्दल, या घराबद्दल, या पाहुण्याबद्दल आभार... “आणि देवा, आज आमच्या टोबिनचा पाय सरळ राहू दे.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

हॉलिसचे ओठ हलले नाहीत. बोलता येऊ लागल्यापासून त्याने एकही प्रार्थना आमेनवाचून सोडली नव्हती. परक्यांच्या घरातली नाही, ज्यांना तो ओळखत नव्हता अशांच्या दफनातलीही नाही. आज तो शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच वडिलांचा लंगडणारा पाय आडवा आला. डेलाचा हात त्याच्या हातात सैल झाला, मग सुटला.

“काय रे निळ्या,” मामा म्हणाला, “देवाशीपण भांडण काढलंस का?”

सगळे हसले. डेला हसली नाही.

टीव्हीवर सामना अखेरच्या क्षणावर आला. टेनंट दोन गुणांनी मागे होतं, चेंडू खांबांमधून गेला तर तीन मिळणार होते, आणि टोबिन चेंडूमागे पावलं मोजत होता. सगळं घर उठून उभं राहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत हॉलिस तेवढा बसून होता. डेलाने दोन्ही हातांनी डोळे झाकले. चेंडू उंच उडाला, डावीकडे वळू लागला, वळतच गेला... आणि खांबाबाहेर पडला. तिच्या आईने टीव्ही बंद केला आणि कुणी मागितलेला नसताना केक कापायला घेतला.

ओसरीवर डेलाने विचारलं, “खरं सांग. बरं वाटलं तुला?”

“मला काहीच वाटलं नाही.”

“काहीच?”

“काहीच.”

“बरं वाटलं म्हणाला असतास तर भांडले असते मी तुझ्याशी,” ती म्हणाली. “पण याचं... याचं मी काय करू?”

त्यानंतर ती मैदानावर आली नाही.

डिसेंबरातल्या तिच्या शेवटच्या शुक्रवारी तोच दुधट उजेड हॉलिसच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेजावर उतरला होता. रॉइसनी लंगडत येऊन मुलाच्या पाठीवर थाप मारली.

“तिचा मामा भेटला होता दुकानात. सगळे आमेन म्हणाले आणि तू तोंड मिटून बसलास म्हणे! पलीकडच्यांच्या घरात बसून! माझा पोरगा शोभतोस.”

या शब्दांची हॉलिसने चोवीस वर्षं वाट पाहिली होती. ते आता मिळाले, आणि त्याने पुढ्यातली ताटली बाजूला सरकवली.

“बाबा,” तो उठत म्हणाला, “ते शोभण्यासारखं नव्हतं.”

बँडच्या खोलीसमोर डेला गाडीत खोकी ठेवत होती. तो गवतावरून चालत गेला; हातात दोरी होती, का आणली ते त्यालाही माहीत नव्हतं.

“आता कसल्या रेघा?” ती वळली नाही. “सामने संपले, रंगारी.”

“आमेन म्हणालो नाही, त्याची लाज वाटते मला.”

“ठीक आहे.” तिने खोकं सरकवलं. “उशीर होतोय मला.”

“आणि काहीच वाटलं नाही म्हणालो, ते खोटं होतं.”

आता ती वळली. उजेड तिच्या नारिंगी रुमालावर येऊन थांबला होता. हॉलिसने दोरीचं एक टोक पुढे केलं.

“तू डोळे झाकले होतेस, म्हणून तुला दिसलं नाही,” तो म्हणाला. “चेंडू डावीकडे वळायला लागला... तेव्हा मी खुर्चीत उजवीकडे झुकलो होतो.”