पडद्याच्या कडेची गोळी

चर्चमधून आल्यावर जेवणाआधी डुकरांच्या शेडमध्ये एक चक्कर टाकायची, हा हार्लनच्या घरचा रविवारचा नेम. आयोवातल्या त्या गावात रविवारी कोणी कामाला हात लावत नसे, पण जनावराला कुठला आलाय रविवार? त्या दिवशी मात्र हार्लनला आत जाता येत नव्हतं. आदल्या दिवशी तो जत्रेत दुसऱ्यांची डुकरं बघून आला होता, आणि असा माणूस रोग घेऊन येईल म्हणून काही दिवस शेडमध्ये पाऊल टाकत नाही. तो दाराबाहेर पिकअपमध्येच बसला. आत गेली त्याची मुलगी कॉरी. बॉस्टनला कॉम्प्युटर शिकून ती आठवड्यापूर्वीच कायमची परतली होती.

आत जायची वाट एकच, न्हाणीतून. बाहेरचे कपडे उतरवायचे, डोक्यावरून अंघोळ करायची आणि पलीकडे निघून शेडचे कपडे चढवायचे. कॉरी अंगाला साबणाचा वास घेऊन पलीकडे आली आणि पुढच्याच श्वासाला तिने बाही नाकाशी धरली. गुरुवारी भर उन्हात पंखे थांबले होते. एका खोलीतल्या सगळ्या व्यालेल्या डुकरिणी पिल्लांसकट गुदमरून मेल्या होत्या. खोली धुतली होती, तरी तो गोडसर, कुजका वास भिंतींतून पाझरत होता. पुन्हा असं झालं तर त्यांना डुकरं पाळायला देणारी कंपनी कंत्राट काढून घेणार होती. मग शेड नाही आणि शेतही नाही.

शेडमधल्या ऑफिसातला फोन वाजला.

"काय गं, पंखे बंद करणारं भूत सापडलं का?" हार्लनने पिकअपमधून विचारलं.

"भूत नाही, चोर. बाबा, पंखे मोबाइलवरून बघायचा तो प्रोग्राम तू कुठून आणलास?"

"फुकट मिळाला एका ठिकाणी. झकास चालतो की!"

"चालणारच. पुढून झकास चालतो आणि मागून दार उघडून देतो. कोणीतरी रोज आत येतंय. आपला कॅमेरा बघतंय, आपले पंखे बंद करतंय."

"आणि आपण इथे आंघोळ करून आत जातो," हार्लन पुटपुटला.

कॉरीने पंखे चालवणाऱ्या मशीनची, म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरची, नोंद उघडली. गेले कित्येक आठवडे पंखे अधूनमधून बंद होत होते. दर वेळी कॅमेरा एखाद्या डुकरिणीच्या तोंडावर रोखलेला असे. फेसाळलेलं तोंड, वर गेलेले डोळे. कुणीतरी खुर्चीत बसून जनावराची तडफड बघत होतं, बहुधा काहीतरी खात खात. तो प्रोग्राम तिने दोनदा काढून टाकला होता आणि मशीन सुरू होताच तो परत आला होता. गोचीड ओढली तरी तिचं तोंड कातडीत राहतं, तसा आपला एक तुकडा तो आत लपवून ठेवत होता.

पण डुकरिणी आधी कधी मेल्या नव्हत्या. कारण दर वेळी पंखे लगेच परत चालू झाले होते. बंद करणारा हुकूम बाहेरून आलेला. चालू करणारा... इथूनच, याच कीबोर्डवरून. पुढे नाव होतं, ऑरविल.

"बाबा... काकाच्या नावाने मशीन उघडून पंखे परत चालू कोण करतं?"

पलीकडे पिकअपची काच वर गेल्याचा आवाज आला.

"कोणी नाही. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. नाव पुसायला माझा हात धजला नाही, एवढंच."

ऑरविल, हार्लनचा थोरला भाऊ. चर्चमध्ये प्रवचनाला सगळेच पेपरमिंट चघळत, पण हा शेडमध्येही गालात लपवून आणायचा आणि कवळीवर कट्कट् वाजवायचा. जमिनीखालच्या, डुकरांच्या मैल्याच्या टाकीतला पंप बघायला जाताना त्याने अर्धी चघळलेली गोळी या कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवली होती, परत येऊन खाईन म्हणून. टाकीतल्या विषारी वायूने तो गुदमरला, परत आला नाही. गोळी अजून तिथेच होती. राखाडी, माशांनी घाण केलेली, एक केस चिकटलेली. कॉरीला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"ते नाव बुधवारी मी बंद केलं," ती हळूच म्हणाली. "मेलेल्या माणसाचं नाव चालू ठेवणं धोक्याचं असतं... असं शिकवतात."

"आणि गुरुवारी पंखे परत चालू झालेच नाहीत..." हार्लन म्हणाला.

तेवढ्यात पंखे थांबले. छपराजवळचा कॅमेरा वळला आणि कॉरीवर येऊन स्थिरावला. शेडभर डुकरिणी किंचाळू लागल्या. तिने इंटरनेटची तार उपटली, धावत जाऊन भिंतीवरचा खटका हाताने ओढला. पंखे घरघरत सुरू झाले.

मग तिने हयगय केली नाही. खाद्याच्या नोंदी तेवढ्या बाजूला काढल्या आणि सगळी डिस्क पुसली. घरच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर बनवून आणलेल्या पेनड्राइव्हवरून सगळं नव्याने घातलं. पासवर्डही घरूनच बदलून आली होती. आता जुन्यातलं काही म्हणता काही उरलं नव्हतं. तार जमिनीवर पडली होती.

पडद्यावर एकच रिकामी चौकट होती. मशीन वापरणाऱ्याचं नाव विचारत होती.

कॉरी कितीतरी वेळ तशीच बसली. भिंतीपलीकडे पिल्लं चुरूचुरू दूध पीत होती. शेवटी, जे शिकली होती ते सगळं गिळून, तिने टाइप केलं: ऑरविल.

बाजूला तसाच चालू राहिलेल्या फोनमधून कट्कट् असा बारीक आवाज येत होता.

"बाबा, पेपरमिंट चघळतोयस का?"

"तो गेल्यापासून शिवलो नाही पोरी..." हार्लनचा आवाज दबला. "मला वाटलं, तू चघळतेयस. तुझ्याच बाजूने येतोय."

कॉरीने मान न वळवता फक्त डोळे पडद्याच्या कडेकडे नेले. गोळी पांढरीशुभ्र आणि ओली होती. मघापेक्षा लहानही.