वरचा दात आणि मामाची छत्री

डिसेंबरचं कोवळं ऊन, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि दवाखान्यासमोर कापसानं भरलेल्या बैलबंडीआड एक तरुण चक्क छत्री उघडून उभा!

मी तेव्हा महागावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. वय एकवीस, यवतमाळहून नुकतीच शिकून आलेली, आणि आपल्याला कळत नाही असं जगात फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी ठाम समजूत होती. बाजाराचा दिवस असल्यामुळे आत आयाबायांची ही गर्दी! तरी त्या छत्रीचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय मला राहवेना. मी तरातरा बाहेर गेले.

"काय जी, पाऊस पडून राह्यला का?"

छत्री दचकली. खालून दोन मोठे, अपराधी डोळे वर आले.

"हळू बोला ना बाई... तो आयकन."

"कोण?"

"माहा भाचा."

"केवढा आहे तो?"

"आठ महिन्याचा."

मी इतक्या मोठ्यानं हसले की आतली एक बाई कडेवरच्या बाळासह मागे वळली. त्यासरशी छत्री अशी काही खाली आली, की तिची काडी बिचाऱ्याच्या नाकावर बसली.

ती बाई म्हणजे तानाबाई, माझी शेजारीण. बाळाचं नाव बापूजी. पणजोबांचं नाव ठेवल्यामुळे त्या टीचभर ऐवजाला सगळं घर अहो-जाहो करायचं. या बापूजींना खालच्याआधी वरचे दात आले होते. असे दात मामाच्या जिवावर येतात, असं आमच्याकडे मानतात. मामानं मग भाच्याचं तोंड पाहायचं नाही. भाचा वर्षाचा झाला की मामानं चांदीची वाटी द्यायची, पूजा करायची, तेव्हा कुठे भेट. आणि तो मामा माझ्यासमोर नाक चोळत उभा होता. सदाशिव त्याचं नाव. दोन कोसांवर पूस नदीकाठी त्याचं उसाचं वावर होतं.

"शिकलेले दिसता. मानता तुम्ही हे?" मी विचारलं.

"मी नाई मानत. पण ताई मानते ना जी. आमाले मायबाप नाई, तिले मी एकलाच. मले पाह्यलं की ती कापते."

"मग इथं कायले आले?"

तो जरा घुटमळला. "तो हसते कसा... तेवढं आयकाले."

माझी सगळी ऐट तिथेच विरघळली. अर्थात मी ते त्याला दिसू दिलं नाही.

त्या दिवसापासून दर बाजाराला तो बंडीआड यायचा आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची.

"आज किती?"

"वरचे दोन, आणि खालचा एक डोकावून राह्यला."

"चावते का?"

"मला चावला काल. हे पाहा."

मी बोट पुढे केलं. त्यानं ते पाहिलं, म्हणजे जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. "भाग्यवान हाय लेकाचा," तो पुटपुटला, आणि मग स्वतःच कानापर्यंत लाल झाला. मी आत जाऊन ताप मोजायची काचेची नळी दोनदा उलटी धरली.

येताना तो पळसाच्या पानात नव्या गुळाचे दोन खडे आणायचा. त्याच्याच गुऱ्हाळातला गूळ, सोन्यासारखा पिवळा. "एक बापूजीले, एक नर्सबाईले." माझा खडा मी रस्त्यातच चाखत यायची, आणि बापूजींचा इमानेइतबारे तानाबाईंच्या हातात द्यायची. खरं सांगते, आठवडाभर मी त्या खड्याची वाट पाहायची. गुळाची नव्हे हो, आणणाऱ्याची!

असे तीन महिने गेले. फाल्गुनातल्या एका दुपारी मी तानाबाईंकडे डोकावले, तर बापूजी झोळीत झोपलेले आणि तोंडात फडक्याची एक ओली पुरचुंडी.

"हे काय हो?"

"गुळाची पुरचुंडी. वावरात काम, घरी काम... थे चोखत पडते बिचारं, दिवसरात. मामाचाच गूळ आहे बाई, तुमीच तं आनून देता."

मी हळूच बाळाचा वरचा ओठ उचलला. दातांच्या मुळाशी खडू ओढल्यासारखे पांढरे पट्टे होते, आणि एका दातावर तपकिरी डाग पडला होता. किडीची सुरुवात! आयाबायांना सकाळ-संध्याकाळ शहाणपण शिकवणारी मी, आणि या लेकराच्या दाताला लागलेली कीड माझ्याच हातानं घरपोच होत होती.

तेवढ्यात तानाबाईंच्या सासूबाई, धुरपताबाई, आत आल्या. डाग त्यांनीही पाहिला होता, पण त्यांचा हिशेब वेगळा होता.

"मामाची सावली उतरली दातावर. आता वाटी नाई अन् पूजा नाई. पाच वर्सं मामानं ह्या घरची पायरी चढाची नाई."

तानाबाई पदर तोंडात धरून रडायला लागल्या. मी समजवायला गेले, पण सासूबाईंनी मला हातानंच गप्प केलं. "तुमी टोचनं करा बाई. दातातलं तुमाले काय समजते?"

पुढच्या बाजाराला छत्री दिसली, आणि या वेळी निमित्त न शोधताच मी बाहेर गेले.

"आज किती?" तो हसून म्हणाला, आणि पळसाचं पान पुढे केलं.

मी ते घेतलं नाही. सगळं सांगितलं. ओठ उचलल्यावर काय दिसलं ते, आणि गूळ दिवसरात्र दाताला लागून राहिला की दात कसा पोखरतो तेही. धुरपताबाईंची पाच वर्षंही सांगितली. "चूक माझीबी आहे. मी विचारलंच नाही कधी, की गूळ देता कसा."

त्याचा चेहरा उतरला. "मी तं मायेनं धाडला, बाई."

"माहीत आहे मला. पण माया अशी चोवीस तास तोंडात ठेवायची नसते."

मग त्यानं छत्री मिटली, काखेत मारली आणि भर बाजारातून सरळ बहिणीच्या घराकडे निघाला. मी पिशवी घेऊन त्याच्या मागे जवळजवळ धावतच होते.

त्याला दारात पाहून तानाबाई किंचाळल्या आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढला. "नको रे भाऊ, परत जाय! तुले काही झालं तं मी कोनाकडे पाहू?"

सदाशिव तिच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

"ताई, दातानं मामाले नाई खाल्लं. मामानं दात खाल्ला. माह्या गुळानं. आता हे बंद करू, मंग तू मले जन्मभर येऊ नको देऊ, चालन मले."

पदर हलला. त्याखालून एक टक्कल बाहेर आलं, मग दोन डोळे. बापूजींनी मामाकडे नीट निरखून पाहिलं, त्याचं बोट धरलं, तोंडात घातलं आणि कचकन चावा घेतला. मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते चाव्याचं नव्हतं, हे सांगायला नको.

मी मऊ फडकं उकळलेल्या, निवलेल्या पाण्यात बुडवलं, बोटाला गुंडाळलं आणि तानाबाईंना दाखवलं, हिरडीवरून, दातांवरून हळूच कसं पुसायचं ते. सकाळी एकदा, झोपण्याआधी एकदा. "रडला तर पाणी पाजा, खेळवा. पुरचुंडी चुलीत टाका." तानाबाईंनी ती खरोखरच चुलीत टाकली.

धुरपताबाई दारातूनच बोलल्या. "पुजेबगर तोंड पाह्यलं. पुढच्या बजारापर्यंत मामा धड राह्यला, तं मी बी तुमचं फडकं मानीन."

आता गंमत ऐका. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत! मी काही मानत नव्हते, अजिबात नाही. तरी ऊस तोडताना कोयता लागतो, गुऱ्हाळाची कढई उकळती असते, वावरात साप असतात, हे सगळं मला त्याच आठवड्यात आठवलं. चौथ्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून खिडकीकडे पाहिलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच अवकाळी पाऊस आला. विजा काय, बोराएवढ्या गारा काय! बाजार पांगला. दहा वाजले, अकरा वाजले, बंड्यांच्या रांगेआड काळी छत्री काही दिसेना. नाल्याला पाणी आल्याचं कुणीतरी म्हणालं, आणि मी हातातली पट्टी तशीच टाकून ओसरीवर आले. लोक पाहत होते. पाहू देत, म्हटलं.

बाराच्या सुमाराला तो आला. नखशिखांत भिजलेला, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला... आणि धड!

"इतका उशीर?" माझा आवाज चिरकला. "आणि छत्री कुठं आहे तुमची? ऊन होतं तेव्हा मिरवत होते, आज गारा पडून राह्यल्या तर..."

"ताईकडे राह्यली त्या दिवशी. आता लपाचं नाई ना कोनापासून." तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुमी रडून राह्यल्या?"

"नाही."

"मंग हे?"

"पाऊस आहे."

"ओसरीत?"

मग म्हटलं जाऊ दे, आता कशाला झाकायचं! "मी दिवा लावला होता. तुमच्यासाठी. मी, सरकारी नर्स!"

त्याच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं आणि तो लहान पोरासारखा हसत होता. "मीबी खोटं बोललो तुमाले. भाच्याचं हसनं आयकाले तं मी पहिल्या बजारालेच आलतो. बाकीचे सारे बजार..." तो अडखळला. "मले कापसातलं समजते, उसातलं समजते. ह्यातलं नाई समजत. तुमीच सांगा ना, विमल, कसं इचारतात ते."

नर्सबाई नव्हे, विमल!

"असंच विचारतात," मी म्हणाले. "आणि उत्तर हो असतं."

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं तानाबाईंकडे गेलो. अंगणात ती काळी छत्री उघडी पडली होती आणि तिच्याआड धुरपताबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. आमची चाहूल लागताच त्यांनी हातातलं काहीतरी घाईघाईनं पदराखाली लपवलं. पण त्यांच्या मांडीवरच्या बापूजींनी ते ओढून बाहेर काढलं.

बोटाला गुंडाळलेलं ओलं, मऊ फडकं होतं ते.