ओल्या वेलीची टोपली

मी वेल ओढली आणि तो सायकलवरून पडला. म्हणजे झालं असं, की झाडाला चिकटून बसलेली रानवेल एकदम सुटली आणि खालून जाणारा तो सायकलसकट तिच्यात गुरफटला.

"माणसं धरायचं जाळं आहे का हे?" अंगावरचा पाचोळा झटकत त्याने विचारलं.

"टोपल्या विणते मी. माणसं... फुकट मिळाली तर नाही म्हणत नाही."

बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. माझ्या जिभेला हाडच नाही.

ओढ्यावरच्या पुलाच्या दुरुस्तीवर देखरेख करायला आला होता तो. काम सुटलं की वाट वाकडी करून आमच्या दुकानात यायचा. गप्पा बाबांशी मारायचा, बघायचा मात्र माझ्या बोटांकडे. एकदा हौसेने स्वतः विणायला बसला. तासाभराने जे तयार झालं त्याला बाबा 'घरटं' म्हणाले. मी हसून हसून बेजार! त्याने ते घरटं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि केसांत अडकलेली काडी हळूच... इतकी हळूच काढली, की मी श्वास घ्यायला विसरले.

दोन महिन्यांत पूल झाला. पुढचं काम डोंगरापलीकडे, दोन दिवसांत निघायचं होतं.

"जाताना सायकलला एक टोपली विणून द्याल?" एवढंच म्हणाला. शहाणा! इतक्या गप्पा मारल्या आणि शेवटी मागितलं काय, तर टोपली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो ती न्यायला आला. बाबांनी टोपली हातात घेतली, दाबली, हुंगली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ही वेल कालच तोडलेली! वाळली की आकसणार. महिन्याभरात सगळी वीण सैल पडेल. सातव्या वर्षापासून विणतेस, आणि हे...?"

त्यांनी फळीवरून वाळवलेल्या वेलीची पक्की टोपली काढून त्याच्यापुढे ठेवली. झालं, माझा सगळा बेत पाण्यात!

"मुद्दाम ओली विणली," मी म्हणाले. "सैल झाली की दुरुस्तीला आणावी लागेल... आणि आणायला यावं लागेल. म्हणून."

पळून जावंसं वाटत होतं.

त्याने पक्की टोपली उलटीसुलटी करून बघितली. "काका, ही किती टिकेल?"

"वीस वर्षं काही होत नाही तिला."

"मग ही नको." त्याने ती परत फळीवर ठेवली. "मला ती महिन्यात बिघडणारीच द्या."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खराब माल मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही," ते गुरगुरले. "ती इथेच राहील. तू येऊन बघत जा." आणि वेली भिजत घालायला म्हणून मागच्या दारी निघून गेले. वेली सकाळपासून भिजतच होत्या.

"मग... महिन्याने येशील?" मी खाली मान घालून विचारलं.

"महिना?" तो हसला. "रविवारी येतो."