काचेतला पंजा

वस्तू: विमानाच्या नाकाखालची जर्मेनियमची काच.
दोष: वाळूचे ओरखडे. कोटिंग निघालेलं.

काच म्हणायची म्हणून काच. डोळ्यांना ती स्टीलच्या झाकणासारखी दिसते, आरपार काही कळत नाही. उष्णता मात्र तिच्यातून जाते. अंधारात वैमानिकाला जे दिसतं ते तिच्याच जोरावर. एकोणीस वर्षं मी अशा काचा घासते आहे. हे विमान माझा धाकटा भाऊ उडवतो, म्हणून हात जरा जास्तच जपून चालत होता.

कृती: पहिलं पॉलिश.

पॉलिश झालं की आमच्याकडे ‘पंजा’ देतात. काच थर्मल कॅमेऱ्यापुढे बसवायची, समोरच्या काळ्या पत्र्यावर हात टेकवायचा आणि उचलायचा. पत्र्यावर राहिलेली ऊब पडद्यावर पांढरी उमटते. पाचही बोटं सुटी दिसली की काच पास. नियमपुस्तकात हे नाही, पण पंजा दिल्याशिवाय कोणी सही करत नाही.

पंजा उमटला. मी अजून हातमोजा काढत होते.

कॅमेरा बदलला. वायर बदलली. काच बाजूला केली की सगळं ठीक, आधी हात, मग ठसा. काच लावली की उलटं.

कृती: दुसरं पॉलिश.

पंजा उमटला, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. बोलणं संपवून मी पत्र्याला हात लावला तेव्हा अकरा मिनिटं उलटली होती.

कृती: तिसरं पॉलिश. याहून जास्त घासली तर काच बाद.

या वेळी पडद्यावर कोपऱ्यातली भट्टी पांढरीफटक दिसली. भट्टी आम्ही फक्त गुरुवारी पेटवतो. आज बुधवार. वळून पाहिलं, भट्टी गार होती.

चारला धाकटा आला, रोजच्यासारखा. पत्र्याशेजारच्या स्टूलवर बसला.

“ताई, उद्या सकाळी उडायचंय मला. काच सोडतेस की लोणचं घालतेस तिचं?”

“चहा पी गप.”

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे उद्याचे चार वाजले होते. स्टूल काळंठिक्कर, म्हणजे गार; त्यावर कोणी नाही. टेबलावर दोन पेले मात्र पांढरे, गरम. दुसरा पेला मी सवयीने भरला असेल.

शेरा: सूक्ष्म तडा. काच बाद.

तडा नव्हता. एकोणीस वर्षांत कामाच्या कार्डावर मी पहिल्यांदाच खोटं लिहिलं. दुसरी काच यायला तीन आठवडे लागणार होते; तोवर विमान जमिनीवर.

गुरुवार. भट्टी पेटली. काच कपाटात, कुलूपबंद. चारला धाकटा आला, फुरंगटून.

“तडा दाखव.”

“तुला नाही दिसायचा.”

“आजवर तुझी एक काच बाद झाली नाही. माझीच सापडली होय?”

“बस रे. चहा घे.”

मी दोन पेले भरले. तो स्टूलवर बसला, फुंकर मारत कुरकुरत राहिला. ती कुरकुर मला गोड लागत होती. हसू लपवायला मी मान वळवली.

समोर पडदा होता. कॅमेऱ्यापुढे आता काच नव्हती; दिसत होतं ते आत्ताचंच.

भट्टी पांढरी. दोन पेले पांढरे.

स्टूल काळं.

एक पेला वर उचलला गेला, हवेत तिरका झाला, परत टेबलावर आला.

“काय बघतेस, ताई?”

“काही नाही.”

“एवढा तडा शोधलास, तर कॅमेरा तरी धड आहे का तुझा? थांब, मीच पंजा देतो.”

त्याने पत्र्यावर हात टेकवला. उचलला.

मी बोटं मोजायला पुढे वाकले.

पत्रा बावीस अंश. सगळीकडे सारखा.